फ्री एजंटची चौकशी

"आपल्या बचावफळीत माणसं नाहीत, स्वाती, भोकं आहेत भोकं!"

मॅनेजर ग्रॅहम ऑफिसात शिरला तोच ओरडत. बोलायचा अर्थातच इंग्रजीत, पण स्वातीच्या डोक्यात त्याचं सगळं मराठीतच उतरायचं, शिव्यांसकट. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या टोकाला असलेल्या वायकन रोव्हर्स या छोट्याशा व्यावसायिक फुटबॉल क्लबात ती सेक्रेटरी होती. खेळाडूंची नोंदणी, त्यांचे विमे, बाहेरगावच्या मॅचची बस, सगळं तिच्याकडे. अकाउंट्समध्ये तात्पुरती म्हणून आली होती आणि अडकली ती अडकलीच. आता तर रेफरीला शिव्या घालण्यात अख्ख्या स्टँडमध्ये तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

क्लब लीगच्या तळाला होता. खालच्या लीगमध्ये घसरला तर अर्ध्या ऑफिसला नारळ मिळणार आणि त्यात आपला पहिला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या क्लबांकडून खेळाडू घ्यायची, म्हणजे ट्रान्सफरची, मुदत संपलेली. आता घेता येणार ते फक्त फ्री एजंट, म्हणजे करार संपून घरी बसलेले खेळाडू. लेफ्ट-बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, तसाच मिळाला होता आणि बरा निघाला होता. पण बचावाच्या मधोमध खिंडार होतं, आणि त्यासाठी एकच नाव उरलं होतं: कॉर्मक ड्वायर.

"एवढा चांगला आहे तर घरी का बसलाय?" ग्रॅहम म्हणाला. "गुडघा? दारू? जुगार? त्याचा एजंट म्हणतो, काही नाही. तो तर म्हणणारच! शुक्रवारी दुपारपर्यंत नोंदणी नाही झाली तर शनिवारी परत मार खाऊ. पण लंगडा घोडा मी घेणार नाही."

घरी आल्यावर स्वातीने हे सगळं सासूबाईंना सांगितलं. वैजयंतीबाईंनी मिडलंड्समधल्या निम्म्या मराठी लोकांची लग्नं जमवली होती.

"फोनवर काय कळणार डोंबल? घरी जा," त्या म्हणाल्या. "आणि न सांगता जा. सांगून गेलं की लोक पडदे धुवून ठेवतात."

"अहो आई, तो फुटबॉलर आहे, स्थळ नाहीये!"

"तेच ते गं. पस्तिशीला टेकलेला, उंच, कमावता, आणि अजून रिकामा. खोट असली तर ती घरातच दिसते. आणि हे घे, हात हलवत जाऊ नकोस." चिवड्याचा डबा हातात आला.

असलं काही फुटबॉलमध्ये कोणी करत नाही, हे काय स्वातीला कळत नव्हतं? पण गुरुवारी ऑफिस सुटल्यावर तिने गाडी वळवली ती थेट कॉर्मकच्या घराकडे. खरं सांगायचं तर, तिला मजाच येत होती.

दार कॉर्मकनेच उघडलं. दाराच्या चौकटीएवढा माणूस, हातात रेझर, बोटांना फेस.

"मी वायकन रोव्हर्सकडून... मी चिवडा आणलाय," स्वातीच्या तोंडून निघालं.

"माझ्या एजंटशी बोला," म्हणून तो दार लोटायला लागला. तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "कोण आहे? आत घे बाबा, बाहेर गारठा आहे!"

आत खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. अर्धा गाल गुळगुळीत, अर्ध्यावर साबण.

"माझे वडील," कॉर्मक म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आज मी न्हावी आहे. काल दूधवाला होतो. लहानपणी मला खांद्यावर बसवून प्रत्येक मॅचला नेलं यांनी. आता मी कोण, हेच त्यांना ठाऊक नाही."

स्वातीने चिवड्याचा डबा उघडून म्हाताऱ्यापुढे ठेवला.

"यांना एकटं सोडून बाहेरगावी रात्री राहायचं म्हटलं की मी क्लबला नाही म्हणतो. कारण सांगत नाही. बाबांची कोणी कीव केलेली मला खपत नाही. लोकांना वाटतं माझ्यातच काहीतरी खोट आहे. वाटू दे."

खोट! तीच तर शोधायला आली होती ती. स्वातीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारेबुवा मात्र मजेत चिवड्यातले दाणे वेचून खात होते.

"घरच्या मॅचला बाबा माझ्या शेजारी बसतील," ती एकदम म्हणाली. "बाहेरगावी जायचं असेल तर बसमध्ये. हॉटेलात तुमच्याच खोलीत."

"क्लब ऐकेल?"

"बसमध्ये कोणी कुठे बसायचं ते मी ठरवते. ग्रॅहमला सांगावं लागेल. बाकी कोणाला नाही."

कॉर्मकने रेझर पुसून बाजूला ठेवला. "सही कुठे करायची?" त्याने विचारलं.

शुक्रवारी सकाळी ग्रॅहमने उलटतपासणी घेतली.

"गुडघा?"

"ठणठणीत."

"दारू?"

"चहा."

"मग घरी का बसला होता?"

स्वातीने सांगितलं. ग्रॅहम नाक शिंकरत खिडकीशी गेला आणि तिथूनच खेकसला, "मग बसलीस काय? नोंदणी कर ना!"

लीगकडून मंजुरी आली ती मुदत संपता संपता. स्वातीने अशी किंकाळी फोडली की बाजूच्या खोलीतले लोक आग लागली समजून बाहेर पळाले.

आणि शनिवारची मॅच! पाच नंबरच्या शर्टात काय खेळला तो कॉर्मक! समोरच्यांचा प्रत्येक उंच चेंडू त्याच्या कपाळावर आपटून परत जात होता. रोव्हर्सचा एकच गोल झाला होता आणि तो जपायचा होता. शेवटच्या मिनिटाला गोलकीपरही चकला, चेंडू रेषेवर पोचला, आणि कॉर्मकने पाय लांबवून तो अक्षरशः उपसून बाहेर फेकला. शिट्टी झाली. स्टँड नाचायला लागला. स्वाती तर घसा बसेपर्यंत ओरडली.

शेजारी मिस्टर ड्वायर उभे राहिले होते. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी तिचा दंड घट्ट धरला.

"तो पाच नंबर कोण हो? घेऊन टाका त्याला, नाहीतर दुसरा कोणी पळवेल!"

"घेतला, मिस्टर ड्वायर. कालच घेतला."

"शहाण्या आहात. त्याचा बाप आलाय का मॅचला?"

"आलाय," स्वाती म्हणाली.

"मग सांगा त्याला, पोरगा लाखात एक आहे म्हणावं."

खाली मैदानात कॉर्मक थांबला. गर्दीत त्याने नेमकी जागा शोधली आणि हात वर केला. म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि एखाद्या परक्या मोठ्या माणसाला करावा तसा अदबीने, किंचित वाकून, त्याला नमस्कार केला.