जावयाचा पाय

कॅप्टनच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली ती बहिणीच्या बिल्डिंगच्या जिन्यात. लिफ्ट बंद होती, म्हणून तो कठडा धरून, आपल्या गुडघ्यांना शिव्या घालत एकेक पायरी चढत होता. वरून हसण्याचा आवाज आला म्हणून त्याने मान वर केली. बहिणीचा नवरा पोरीला खांद्यावर बसवून, हातात भाजीची पिशवी लटकवून, झपाझप पायऱ्या चढत होता. त्याच दिवशी सकाळी हा माणूस फिजिओच्या टेबलावर पालथा पडून विव्हळत होता. मांडीच्या मागचा स्नायू गेलाय, पळता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

वर दार लागल्याचा आवाज आला. कॅप्टनने भाचीसाठी आणलेला खाऊ खिशात तसाच ठेवला आणि आल्या पावली परत फिरला.

फुटबॉलच्या टीममध्ये त्या माणसाला सगळे 'जावई' म्हणायचे. कॅप्टनच्या धाकट्या बहिणीशी लग्न केल्यापासून त्याला हे नाव चिकटलं होतं, आणि ते लाडाचंच होतं, कारण क्लबचे निम्मे गोल तोच मारायचा. कॅप्टन मागे बचावफळीत उभा राहून गोल अडवायचा आणि जावई पुढे जाऊन गोल करायचा. एकाच घरातले दोघे, मैदानाच्या दोन टोकांना.

पण त्या वर्षी सगळं बिनसलं, आणि बिनसलं ते जिंकण्यामुळे. कप स्पर्धेत क्लबने मोठमोठ्या टीम गारद केल्या आणि थेट उपांत्य फेरी गाठली. लोकांनी डोक्यावर घेतलं. कोच मात्र कपाळाला हात लावून बसायचा. मुख्य खेळाडूंना विश्रांती द्यायची तर त्यांच्या जागी उभं राहायला कोणीतरी हवं ना! हिवाळ्यात मालकांनी दोन चांगले गडी दुसऱ्या क्लबला देऊन टाकले होते, एकाचा घोटा मोडला होता, आणि बाकावर उरलेल्यांना पूर्ण सामना खेळायची सवयच नव्हती. म्हणजे लीगमध्ये जे अकरा, तेच कपमध्येही अकरा. त्यात मैदानावर पाणी साठल्यामुळे पुढे ढकललेले सामने मोसमाच्या शेवटी कोंबले गेले. एका सामन्याची सूज उतरायच्या आत दुसऱ्यासाठी बूट चढवायचे. उपांत्य सामना जादा वेळेत हातचा गेला, आणि लीगमध्ये टीम घसरत घसरत तळाला आली. तळातल्या टीम खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होत्या.

हरायला लागल्यावर जो तो दुसऱ्याकडे डोळे बारीक करून बघू लागला. गोलकीपरला वाटायचं, बचाववाले मुद्दाम मागे राहतात. बचाववाल्यांना वाटायचं, मधली फळी पळायचं नाटक करते. आणि सगळ्यांना मिळून वाटायचं की जावई स्वतःचा पाय जपतोय.

"मोठ्या क्लबशी बोलणी चालू आहेत त्याची," शॉवरखाली साबण लावता लावता लेफ्ट बॅक कॅप्टनला म्हणाला. "तू घरचा माणूस. तुला माहीत नाही असं कसं म्हणू?"

"मला काही माहीत नाही."

"हो का," असं म्हणून त्याने तोंडावर पाणी घेतलं.

तेव्हापासून कॅप्टन पाळतीवरच राहिला. जावई फोन घ्यायला पार्किंगमध्ये जातो, हे त्याने हेरलं. सरावाच्या वेळी काठाने चालताना तो डाव्या पायाने लंगडतो की उजव्या, तेही बघून ठेवलं. एका दुपारी तो बहिणीच्या गल्लीत वळला, तर बिल्डिंगसमोर एक करड्या रंगाची गाडी उभी होती. आतल्या सूट घातलेल्या माणसाने जावयाशी हात मिळवला आणि गाडी निघून गेली.

कॅप्टन सरळ वर गेला. बहीण ओट्याशी चहा गाळत होती.

"खाली कोण आलं होतं?"

"कुठे कोण? कोणी नाही," ती वळलीसुद्धा नाही, पण चहा बशीत सांडला.

तेवढ्यात जावई आत आला. कॅप्टनला बघून तो दारातच थबकला, मग खुर्ची ओढून बसला.

"आता लपवून काय उपयोग," तो बायकोला म्हणाला. "दादा, बोलणी चालली होती, खरं आहे. आता गाडीत होता तो त्यांचा डॉक्टर. त्याने मागच्या आठवड्यात पाय तपासला. स्नायू अर्धा फाटलाय. आज नको म्हणून सांगायला आला होता."

"फाटलाय? जिना तर उड्या मारत चढत होतास. पोरगी खांद्यावर, पिशवी हातात. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"चढताना दुखत नाही रे. जोरात पळायला गेलो की जीव जातो."

"बरी सोय आहे! जिन्यात दुखत नाही, मैदानात दुखतं."

"दादा, तू काय त्याची उलटतपासणी घ्यायला आलायस का?" बहीण तडकली.

"तुमची बोलणी मला टीममधल्या पोरांकडून कळतात, मग काय करू?"

चहा न घेताच कॅप्टन निघाला. बोलणी लपवली, मग पायाचं तरी खरं कशावरून? डॉक्टर नको म्हणाला, हे तरी कोणी ऐकलं? कदाचित हो म्हणाला असेल, आणि आता नव्या क्लबात जाईपर्यंत पाय धडधाकट ठेवायचा असेल.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी कोचने त्याला बाजूला घेतलं. कोचचे डोळे खोल गेले होते.

"फिजिओ म्हणते नको. जावई म्हणतो बघू. माझ्याकडे दुसरा कोण आहे? तुझ्या घरातला आहे, खरं सांग. खेळू शकेल का?"

कॅप्टनच्या डोळ्यांसमोर जिना आला.

"खेळेल," तो म्हणाला.

बरोबरी झाली तरी क्लब वाचणार होता. उत्तरार्धात एक-एक अशी बरोबरी असताना दुसऱ्या स्ट्रायकरच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि तो आडवा झाला. एकच बदल शिल्लक होता. कोचने जावयाला उठवलं. मांडीला पट्टा बांधून तो आत आला आणि कॅप्टनजवळून जाताना म्हणाला, "तू सांगितलंस म्हणे. बघू मग."

बघायला फार वेळ लागला नाही. पुढे टाकलेल्या पहिल्याच लांब चेंडूमागे तो जीव तोडून धावला. पाच-सहा पावलांतच गोळी लागल्यासारखा मांडी धरून कोसळला. फिजिओ धावत आली, तिने हात लावला आणि कोचकडे बघून मान हलवली. स्ट्रेचरवर तो तोंडावर हात घेऊन पडला होता. आता बदल उरला नव्हता. दहाजण उरले.

कॅप्टनला विचार करायला सवड नव्हती. चेंडू सारखा त्याच्याच अंगावर येत होता. त्याने डोक्याने मारला, पायाने मारला, एकदा तर पोटावर घेतला. सामना संपत आला असताना एक साधा, घरंगळत आलेला चेंडू त्याच्या पायाशी आला. गोलकीपरकडे परत द्यायचा, एवढंच काम. त्याने पाय उचलला, निदान त्याला तसं वाटलं. चेंडू मध्येच रेंगाळला, समोरचा पोरगेला फॉरवर्ड तीरासारखा आत घुसला आणि चेंडू जाळ्यात गेला.

क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला.

मैदानातून आत नेणाऱ्या बोगद्याकडे जाताना वर बसलेल्या प्रेक्षकांतून पाण्याची बाटली आली आणि मागोमाग शब्द आले, "विकला गेला! कॅप्टन विकला गेला!" ड्रेसिंग रूममध्ये लेफ्ट बॅक त्याच्याकडे बघत होता. त्याच नजरेने, ज्या नजरेने इतके दिवस सगळे जावयाकडे बघत होते.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बहीण भेटली. पोर तिच्या मांडीवर झोपली होती.

"ऑपरेशन लागेल म्हणतात," ती म्हणाली. मग तिने त्याच्या चिखलाने भरलेल्या मोज्यांकडे बघितलं. "दादा, एक विचारू? तो चेंडू... लोक काहीबाही बोलतायत. तू मुद्दाम तर नाही ना?"

कॅप्टनला वाटलं कोणीतरी छातीत गुडघा मारला.

"पाय उचललाच गेला नाही गं. पायात जीवच नव्हता."

"तोही तुला हेच सांगत होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं.

काही आठवड्यांनी क्लबच्या फाटकाशी समर्थक जमले होते. कॅप्टनची गाडी दिसताच कोणीतरी पुन्हा तो शब्द फेकला. कुबड्यांवर उभा असलेला जावई गर्दीतून पुढे आला.

"ए, तोंड सांभाळ!" तो ओरडला. "कपचा असो की लीगचा, या माणसाने एकही सामना चुकवलेला नाही. बदली होती कोण? तू येणार होतास का खेळायला?"

थोडे हसले, थोडे पांगले. जावई गाडीच्या खिडकीशी येऊन वाकला. "चल, सोड मला घरी. तुझ्या बहिणीने जेवायला बोलावलंय तुला."

कॅप्टनने आतून दार उघडून दिलं. जावयाचा पाय नीट आत ठेवायला त्याने मदत केली, कुबड्या मागच्या सीटवर टाकल्या. माफी मागायची म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या मनात आलं, सगळ्यांसमोर माझी बाजू घेऊन याला काय मिळवायचं असेल? त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने गाडी सुरू केली. पण पहिल्या सिग्नलपर्यंत तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून जावयाच्या तोंडाकडे बघतच राहिला.