भिंतीवरचा काळा हात

डोळे मिटा पाहू. सकाळ झाली आहे. तुम्ही उठलात, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर काळा हात उमटलेला. पाचही बोटं स्पष्ट. काल तो नव्हता. दाराच्या कडीजवळ आणखी एक. भीती वाटली ना? मग चला, गेले काही दिवस असे हात उमटताहेत त्या घरात. दारात सगळी गल्ली लोटली आहे.

या घरातला सुतार मागच्या वर्षी वारला. मागे राहिली बायको, दहा वर्षांची मुलगी आणि त्याच्या हातची शेवटची खुर्ची. लाकूड मुद्दाम ज्योतीवर भाजून काळंभोर केलेलं.

"तो खुर्चीत अडकलाय, वहिनी," गल्लीनं बोलावलेला मांत्रिक म्हणाला. "घरभर चाचपडत फिरतो. हे बघा!"

त्यानं खुर्चीच्या पाठीवर पांढरा रुमाल घासला. रुमाल काळा झाला. मग झोळीतून एक काळं फडकं काढून, काहीबाही पुटपुटत, तीच पाठ खसाखसा पुसली. पुन्हा नवा पांढरा रुमाल फिरवला. स्वच्छ!

"अगं बाई!" शेजारची मावशी दोन पावलं मागे सरली.

"बांधला!" मांत्रिक म्हणाला. "पण चारच दिवस. रविवारी खुर्ची न्यायला येतो. जाळावी लागेल."

रोज सकाळी आई त्या काळ्या हातापाशी कपाळ नेऊन उभी राहायची, हे फक्त मुलीला ठाऊक होतं.

सगळे गेल्यावर मुलीनं खुर्चीच्या पाठीला नाक लावलं. बाबांचा वास! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाबा इथंच आहेत? मग आठवलं, हा तर जवसाच्या तेलाचा वास. बाबा लाकडाला तेच लावायचे. पण आज ते कुणी लावलं?

"आई, तू खुर्ची कशानं पुसतेस गं?"

"साबणाच्या पाण्यानं. रोज घासून. त्यांची शेवटची वस्तू, मळू कशी देऊ?"

"आणि गुडघे दुखतात म्हणून पहाटे अंधारात तिलाच धरून उठतेस. मग भिंतीला."

मुलीनं आईचा तळवा त्या ठशावर टेकवला. बोटाला बोट जुळलं.

"मला वाटलं, ते..." आईनं तळवा भिंतीवरून काढला नाही.

त्याच संध्याकाळी दोघींनी बाबांच्या ब्रशनं खुर्चीची सैल काजळी झाडली. तेल लावलं, जास्तीचं पुसून घेतलं आणि खुर्ची वाळत ठेवली.

रविवारी मांत्रिक आला, मागोमाग गल्लीही आली.

"काका, तुमचं फडकं काळंच का?" मुलीनं विचारलं. "पुसलेली काजळी दिसू नये म्हणून? आणि त्याला तेलाचा वास कसा?"

मावशीनं फडकं ओढून हुंगलं. "अय्या, खरंच की!"

"साबणानं घासून तेल गेलं की काजळी सुटते. तेल दिलं की ती लाकडाला धरून राहते. एवढाच तुमचा मंत्र."

"मोठी शहाणी!" मांत्रिक ओरडला. "बस मग त्या खुर्चीत. बाप तोंडाला काळं फासेल!"

सगळे दाराकडे सरकले.

मुलांनो, गेलेल्या माणसाची आठवण येणं ही अंधश्रद्धा नव्हे. पण त्या आठवणीच्या नावानं कुणी घाबरवू लागलं, तर विचारा: फडक्याला काय लावलंय? आणि त्याच्या उत्तरावर थांबू नका, स्वतः हुंगून पाहा.

मुलगी पांढऱ्या फ्रॉकमध्ये होती. ती खुर्चीत बसली. चांगली रेलून बसली. मग उठून सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. फ्रॉकवर एक डाग नव्हता.

तिनं खुर्ची पुढे सरकवली.

"आई," ती म्हणाली, "आता तू बस."