विटकरी

ओल्या सुताची लडी पिळताना एक आवाज होतो; जाड कापडावरून कुणी सावकाश तळहात फिरवावा तसा, आणि त्याच्या शेवटी फरशीवर पडणारे पाण्याचे चार थेंब. आमच्या वन्सं मला आधी या आवाजातून आठवतात, चेहरा नंतर येतो. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या अंगाला आमचा छोटा रंगखाना होता. चादरींच्या मागांना लागणारं सूत तिथे रंगायचं. सकाळी दहाच्या सुमारास वन्सं कढईतून काढलेली लडी घेऊन अंगणात येत, लिंबाची सावली जिथे संपते त्या कडेला उभ्या राहत आणि मान किंचित तिरपी करून सुताकडे बघत. रंग उन्हात बघू नये, उन्हाच्या शेजारी बघावा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वेळी त्यांच्या मुद्रेवर आनंद नसे की चिंता नसे. तराजूचा काटा स्थिर होण्याआधी असतो तेवढाच एक निर्विकार कंप असे, आणि मग एकच शब्द येई. ‘झाला’, नाही तर ‘परत’.

त्या माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. ऐन विशीत वैधव्य घेऊन माहेरी आल्या आणि वडिलांच्या हाताखाली रंग शिकल्या. वडील गेल्यावर यजमान सूत आणायचे, माल पोचवायचे, पण रंगखाना चालायचा तो वन्संच्या डोळ्यावर. त्यांचे हात मनगटापर्यंत सदैव कुठल्या ना कुठल्या रंगात असत. मी पंचांगापेक्षा त्यांच्या नखांकडे बघून ऋतू ओळखत असे. लग्नसराई जवळ आली की नखं कुंकवासारखी लाल, थंडीच्या तोंडावर गर्द निळी, आणि श्रावणात, काम मंद असताना, सगळ्या रंगांचं मिळून झालेलं एक करडेपण. प्रेमळ वगैरे त्या नव्हत्या. मीही नव्हते. म्हणूनच आमचं जमलं.

पंचेचाळिशीत त्यांना मधुमेह निघाला. सकाळ-संध्याकाळ एकेक पांढरी गोळी आणि आठवड्यातून एकदा लघवीची तपासणी सुरू झाली. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. साखर नसेल तर निळा निळाच राहतो; असेल तर हिरवा होतो, मग पिवळा, मग केशरी, आणि फार असेल तर विटकरी. डॉक्टरांनी पाच रंगीत चौकटींचा एक कागद दिला होता. वन्संनी तो उजेडाला धरला आणि सांगितलं, की हिरव्या-पिवळ्याच्या मधली चार घरं छापायची राहिली आहेत. डॉक्टर हसले. वन्सं हसल्या नाहीत. त्या चार घरांना त्यांनी आपल्या मनाने नावं दिली आणि पुढे वर्षानुवर्षं मला तपासणीचा निकाल त्याच नावांनी कळत राहिला. कोवळा हरभरा. जून हरभरा. लिंबाचं साल. अर्धी हळद.

बहात्तर सालचा पाऊस आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात कढया पालथ्या घातल्या गेल्या, कारण प्यायलाच पाणी नव्हतं तिथे सूत कशात बुडवणार? गल्ली टँकरच्या पाण्यावर जगत होती आणि त्याच पाण्याने गल्लीत कावीळ आणली. ज्या हातांना पंचवीस वर्षं कोरडेपण ठाऊक नव्हतं ते वन्संचे हात आधी पांढरे पडले, चार माणसांसारखे झाले; आणि वैशाखाच्या सुरुवातीला, अंगात ताप आणि पोटात अन्नाचा कण टिकत नसताना, वन्सं नखांपासून डोळ्यांपर्यंत पिवळ्या झाल्या. आयुष्यभर ज्यांनी सुताला रंग चढवला त्यांना आता एक रंग आतून चढत होता, आणि त्याला ‘परत’ म्हणण्याची सोय नव्हती.

डॉक्टर घरी आले. त्यांनी गोळ्या बंद केल्या. यकृत इतकं दुखावलेलं असताना ते गोळ्यांचं ओझं पेलणार नाही म्हणाले. त्याऐवजी दोन वेळा इन्सुलिनची सुई. अन्न जात नाही म्हणून सुई बंद करायची नाही, असं त्यांनी मला दोनदा बजावलं, कारण अशा तापात साखर उपाशी पोटीही चढते. पेज, ताक, कण्या, जे राहील ते थोडं थोडं द्यायचं, आणि नळीची तपासणी रोज चार वेळा. केशरीपर्यंत ठरलेलीच मात्रा. विटकरी दिसला तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही, त्यांना कळवायचं. उशीर झाला तर शुद्ध हरपेल, आणि मग त्यांच्याही हातात फारसं काही उरणार नाही.

मी काचेची सिरिंज उकळायला शिकले. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या गाडग्यात ठेवायला शिकले. अवघड काहीच नव्हतं. अवघड होती ती गल्ली.

कावीळ म्हटली की आपल्याकडे उसाचा रस. हे कुणाला शिकवावं लागत नाही. ज्याला त्याला वन्संसाठी रसाचा तांब्या आणायचा होता, आणि मी दारातूनच परतवत होते. शेजारची बाळव्वा, दुधनीकडची, वन्संच्या वयाची, तिने तर रोज रसवंतीवर खेप घालायची असा नेमच धरला. तिसऱ्या दिवशी मी तांब्या परत केला तेव्हा ती अंगणात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “काविळीच्या माणसाला रस न्हाई, गूळ न्हाई. भावजय नणंदेला उपाशी मारती की वो.” मी दार लावून घेतलं. स्टोव्हवर सुई उकळत होती.

पाचव्या दिवशी सकाळी मी नळी उकळली आणि तळाशी जे बसलं ते मला केशरी वाटलं. डॉक्टरांच्या कागदाशी ताडून बघितलं, केशरीच. वन्संनी पडल्या पडल्या हात पुढे केला. नळी खिडकीच्या कडेला, उन्हाच्या शेजारी धरली. मान तिरपी झाली.

“विटकरी,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, वन्सं, केशरी आहे. आणि मग जे बोलू नये ते बोलून गेले, की काविळीच्या डोळ्याला सगळं जग पिवळं दिसतं, तुम्ही आता रंगाचं सांगू नका. ही म्हण लहानपणापासून ऐकलेली; तिच्याबद्दल शंका घ्यावी असं मला कधी वाटलंच नव्हतं. वन्संच्या तोंडावर मी त्या आजारात वेदना पाहिली होती, ग्लानी पाहिली होती, पण भीती पाहिली ती त्या एका क्षणी. डोळा गेला तर त्यांच्याजवळ काय राहत होतं?

भीती टिकली नाही. त्यांनी मला रंगखान्यातून पिवळ्याच्या नमुन्याच्या, छटेच्या आकड्याची चिठ्ठी बांधलेल्या, सातही लड्या आणायला सांगितल्या. “चिठ्ठ्या काढ आन् हितं टाक.” त्या लड्यांत दोन शेजारच्या छटांमधला फरक मला भर दुपारीही कळत नसे. मी चिठ्ठ्या सोडल्या, प्रत्येकीच्या आतल्या पदराला तिच्या आकड्याइतक्या गाठी मारल्या आणि लड्या मिसळून अंथरुणावर ठेवल्या. वन्सं उठून बसल्या. मधे एकदा उलटी झाली, त्यांनी तोंड पुसलं आणि तिथूनच पुढे चालू केलं. फिक्यापासून गडदापर्यंत सात लड्या त्यांनी ओळीने मांडल्या. मी गाठी तपासल्या. सातांत एकही इकडची तिकडे नव्हती.

“आता बोल,” त्या म्हणाल्या. मी गाठी सोडायला लागले. तेव्हा त्यांनी भिंतीकडे बघत, सुताचा भाव सांगावा इतक्या कोरड्या सुरात सांगितलं, “काल राती तू टँकरच्या पाण्याला गेलतीस तवा बाळव्वा आली. दोन पेले प्याले. लई तहान लागलेली. लपवून काय करू?”

त्या गप्प राहिल्या असत्या तर मला कधीच कळलं नसतं. नळी मी केशरी म्हणून धुऊन टाकली असती, ठरलेली सुई दिली असती आणि दुपारपर्यंत, डॉक्टर म्हणाले होते तसं, त्यांना हाका मारत बसले असते. माणसाला स्वतःची चूक झाकण्याइतकी सवड आयुष्य नेहमी देतं. पण ज्या डोळ्याने जन्मभर दुसऱ्याच्या सुताला ‘परत’ म्हटलं होतं, त्या डोळ्याला स्वतःच्या नळीला ‘झाला’ म्हणता आलं नाही.

मी धावत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मात्रा वाढवली आणि दर दोन तासांनी नळी बघायला सांगितली. परत आले तर वन्संनी बाळव्वाला बोलावून समोर बसवलं होतं. रागावणं नाही, रडणं नाही. रसाचं पुण्य तुला मिळालं म्हणाल्या, आता रोज जोंधळ्याच्या कण्या शिजवून आण, पातळ, मीठ कमी. बाळव्वाने माझ्याकडे न बघता मान हलवली आणि पुढचे चाळीस दिवस कण्या आणल्या. माझ्याशी ती बोलली ते थेट आषाढात.

त्या दिवसापासून सुई वन्सं स्वतः घेऊ लागल्या. सिरिंजवरच्या लाल रेघा माझ्यापेक्षा त्यांना नीट दिसतात, हे कारण त्यांनी दिलं आणि ते खरंच होतं. नळी विटकरीवरून केशरीवर आली, मग अर्ध्या हळदीवर रेंगाळली, मग लिंबाच्या सालावर. डोळ्यांतलं पिवळेपण जाताना मी रोज बघत होते. आधी कडा निवळल्या, मग मध्य, अनेक पाण्यांतून काढलेल्या कापडासारखा. एकदा मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “कावीळ कच्चा रंग. धुतला की जातोय. साखर पक्का. त्याच्यासकट कापड वापरायचं.” यकृत बरं झाल्यावर डॉक्टर गोळ्या पुन्हा द्यायला तयार होते. वन्संनी सुईच ठेवली. गोळी पोटात गेल्यावर काय करते ते दिसत नाही, सुईची निदान रेघ दिसते, असा त्यांचा हिशेब.

पावसाळा झाला, विहिरीला पाणी आलं, कढया सरळ झाल्या. पहिल्या दिवशी त्या स्टुलावर बसून होत्या, दुसऱ्या दिवशी उभ्या. नखं पुन्हा निळी झाली. त्यानंतर सहा वर्षं त्या जगल्या आणि गेल्या पौषात, आदल्या संध्याकाळचं काम पुरं करून, गेल्या.

लोक गेलेल्या माणसाची वर्षं जन्मापासून मोजतात आणि शेवटाशी येऊन थांबतात. मी वन्संची वर्षं वैशाखातल्या त्या सकाळपासून मोजते, ज्या सकाळी त्या खोटं बोलू शकल्या असत्या आणि बोलल्या नाहीत. आणि तिथून मोजायला लागलं की काळ सहा वर्षांपाशी थांबत नाही, ज्या घरात त्या नाहीत त्या घरातून तो तसाच, कामाला निघालेल्या माणसासारखा, पुढे चालत राहतो.