तोडलेलं बोलणं

कहकशांनं लिहिलेली पेशंटची केस दुसऱ्यांदा परत आली.

"हा काय पोलिसातला जबाब आहे का ग?" सिंधू मॅडमनी फाईल पुढं सरकवली. "प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. आजारी माणूस कुठंय यात? उद्या नीट मांडली नाहीस तर या वॉर्डची ड्यूटी सुट्टीत परत करायची."

सुट्टीत लातूरला तिच्या भावाचं, शारिकचं लग्न होतं.

"मॅडम, ते बाबा उत्तरच—"

"ते देत नाहीत का तू घेत नाहीस?" म्हणत मॅडम निघूनही गेल्या.

कहकशां नांदेडला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या वाट्याला आलेले रामकिशनबाबा उमरीकडचे. शेतात चक्कर येऊन पडले. आणलं तेव्हा रक्तातली साखर पार खाली गेलेली. वॉर्डात आल्यापासून मात्र सगळं ठीक. साखर कशानं उतरली ते डॉक्टरांनाही कळत नव्हतं, आणि उद्या बाबांना घरी सोडणार होते.

ती तणतणत पुन्हा खाटेपाशी गेली.

"बाबा, नीट सांगा. चक्कर कधीपासून येते?"

"दयानंदची माय गेली का, पोळ्याच्या आधी, तवापासून. त्या दिवशी ती सकाळी—"

"त्यांचं नाही, तुमच्या चकरेचं."

"तेच तर सांगून राहिलो, माय."

"शुगर आहे का तुम्हाला?"

"मला न्हाई. तिला व्हती. सकाळी उठली का ती आधी—"

"तुमचं सांगा ना, बाबा."

बाबा छताच्या पंख्याकडं बघत राहिले. शेजारच्या खाटेवरचा पेशंट म्हणाला, "बाई, तुमची यष्टी सुटून राहिली काय?"

तिला रडूच यायचं बाकी होतं. माणसाला विचारावं एक आणि त्यानं बायकोचं पुराण लावावं. तिच्या घरी असं कुणी रेंगाळलं तर त्याचं बोलणं कधी पुरंच झालं नसतं. दोन खोल्यांत सात माणसं, वर अब्बांची शिलाई मशीन. दुसऱ्याचं वाक्य तोडल्याशिवाय तिथं कुणाला बोलायलाच मिळत नसे.

दुपारी पायऱ्यांवर बसून तिनं घरी फोन लावला.

"अम्मी, शारिकच्या लग्नाला मी—"

"ते राहू दे, आधी ऐक," शकिला म्हणाली. "शेजारच्या चाची गेल्या ना, तिथं पुरशाला, दुःखात भेटायला गेलो. तुझ्या अब्बांनी बसल्या बसल्या चाचांना विचारलं, बीमारी काय होती, कुठला दवाखाना, किती खर्च आला. मी तर शरमेनं खाली बघत बसले. पुरशात असं विचारतात का? चुप बसायचं. ज्याचं माणूस गेलं तो आपणहून सांगतो, सगळं पहिल्यापासून सांगतो. आपण ऐकायचं. तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही," कहकशां म्हणाली.

या वेळी तिनं फाईल सोबत नेली नाही. खाटेशेजारी स्टूल ओढून बसली.

"आता काय राहिलं विचारायचं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. बसले नुसती."

तिच्या जिभेवर प्रश्न येत होते आणि ती ते गिळत होती. मग बाबांनी सुरू केलं, पुन्हा पोळ्याच्या आधीपासून. तेच शब्द. ती तोडायची ती जागा आली, आणि गेली.

"सकाळी उठली का ती आधी शुगरची गोळी घ्यायची, मग चहा. पट्टी फोडल्याचा आवाज आला का मला जाग यायची. आता घरात आवाजच न्हाई. मग मीच फोडतो एक. फोडली का फेकावी वाटत न्हाई, तिच्या दवेची. मग खातो. चहा-भाकर मला करू वाटत न्हाई. तसाच शेतात जातो."

कहकशांला उठून डॉक्टरांकडं पळावंसं वाटलं. पण सांगता सांगता बाबा अजून दवाखान्याच्या दारापर्यंतच आले होते. गोष्टीतली बायको जायची अजून बाकी होती. कहकशां बसून राहिली. सगळं सांगून झालं, त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, तेव्हाच ती उठली.

सकाळी सिंधू मॅडमनी केस वाचून सही केली. "हे पहिल्याच दिवशी कळायला पाहिजे होतं."

"हो मॅडम. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला घेतलं होतं."

निघताना डॉक्टरांनी बाबांच्या मुलाला, दयानंदला बजावलं, घरातल्या त्या गोळ्या आजच्या आज बाहेर काढा. दयानंदनं मान हलवली आणि तो पिशवी उचलून दारापर्यंत गेला. रामकिशनबाबा खाटेवरच बसलेले.

"मग माय," त्यांनी कहकशांला विचारलं, "सकाळी काय करू?"

वेळेवर जेवा, उपाशी शेतात जाऊ नका, हे सगळं तिला पाठ होतं. तोंड उघडून तिनं पुन्हा मिटलं. हे ते विचारत नव्हते.

"बाबा, चला, उमरीची गाडी जाईल," दयानंदनं दारातून हाक मारली.

कहकशांनं त्याला हातानंच थांबवलं आणि स्टूल ओढलं.