मागच्या सीटवरचे प्लॅस्टिक

मित्रांनो, मी एक जुनी, करड्या रंगाची चारचाकी गाडी आहे आणि मला स्वच्छतेचा मनस्वी कंटाळा आला आहे. घाणीला कंटाळलेल्या गाड्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. त्या बिचाऱ्यांच्या काचेवर कोणीतरी बोटाने नाव लिहून जाते. माझ्या वाट्याला ते दुःख कधी आले नाही. मला इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणी धुतले गेले की धुण्याच्या बादलीतल्या कपड्यालाही माझी दया यावी. फरक एवढाच की कपडा धुऊन झाल्यावर लोक तो वाळत घालतात. मला वाळवायचे कोणाला सुचले नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रे जोडले, रंग चढला, काचा बसल्या आणि अगदी शेवटी एका कामगाराने माझ्या सीटांवर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक चढवले. गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचेपर्यंत धूळ लागू नये, एवढाच त्याचा उपयोग. घरी गेल्यावर ते काढून टाकायचे असते. शोरूममध्ये माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांना हे ठाऊक होते. माझ्या मालकालाही ठाऊक असावे, पण त्याला ते पटले नाही.

मालकाचे चष्म्याचे दुकान आहे. काचेवर बोटाचा ठसा दिसला तर या माणसाला अन्न गोड लागत नाही. खिशात कायम एक मऊ फडके. त्याची थोरली बहीण, म्हणजे घरातल्या सगळ्यांची ताई, त्याला अजून 'छोट्या' म्हणते. छोट्याच्या डोक्यावरचे केस जाऊन जमाना झाला, पण आई लवकर गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचे मोठे केले होते, तेव्हा तिला तो अधिकार होता. मला घरी आणले त्या दिवशी त्याने सर्वांत आधी माझे मागचे दार उघडले.

"ताई, ही तुझी जागा. मानाची जागा."

ताई बसली. सीट चर्रचर्र वाजली. तिने लगेच प्लॅस्टिकच्या कडेला हात घातला.

"अरे छोट्या, हे काढ की. पापडावर बसल्यासारखं वाटतंय."

"राहू दे गं. तुझी जागा नवीच्या नवी राहील बघ."

झाले. त्याच्या प्रेमाला ताई काय बोलणार? तिने हात मागे घेतला आणि माझ्या नशिबाचे फासे उलटे पडले.

ताईचे काम मोठे सुंदर होते. अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून त्यांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका संस्थेत ती जात असे. बंद खोलीत माइकसमोर बसून ती धडेच्या धडे वाचायची. तिचा आवाज स्वच्छ होता, ठसठशीत होता, आणि शब्द असा सुटा यायचा की जणू निवडलेला तांदूळ. मालक तिला दुकानात जाताना फाटकापाशी सोडायचा. कितीतरी वर्षे आमचा हा नेम होता, आणि मला त्या कामाचा फार अभिमान वाटे. आपण कोणाला तरी उपयोगी पडतो आहोत, हे सुख गाड्यांनाही कळते.

पुढे माझे वय झाले. दारांची रबरे कडक झाली. तरीही पुसून घेतले असते तर मी कुरकुर केली नसती. पण मालकाला वाटले, गाडी म्हातारी दिसते, ताईला अशा गाडीतून कसे न्यायचे? मग त्याने धुलाईवाले शोधायला सुरुवात केली.

पहिला निवडला तो जवळचा म्हणून. त्याने जोराच्या पाण्याचा पाइप माझ्या दारांच्या फटींवर असा धरला, जणू आत आग लागली होती. पाणी आत शिरले, पायपुसण्यांखालच्या जाड फोममध्ये मुरले आणि तिथेच मुक्कामाला राहिले. वरून पुसून त्याने मला परत दिले. मालकाने बॉनेटवर वाकून स्वतःचा चेहरा पाहिला आणि खूश झाला.

दुसरा निवडला तो मेहुण्याने सुचवला म्हणून. त्याने साबणाचा फेस केला, सीटवरून ओला स्पंज फिरवला आणि ओलीचा वास आला तेव्हा आत सुगंधी फवारा मारला. प्लॅस्टिकच्या शिवणीतून झिरपलेले पाणी कापडात अडकले. प्लॅस्टिक त्याला बाहेर पडू देईना. वास मात्र गुलाबाचा. मित्रांनो, कुजक्या पाण्यावर गुलाब शिंपडला तर काय होते, ते मला विचारा. मला तोंड असते तर मी तिथेच बोंब ठोकली असती.

बॉनेट पाहावे आणि परत जावे, अशी मालकाची परीक्षा. तो पुढे बसायचा. पुढच्या सीटांवरचे प्लॅस्टिक उठबस करून केव्हाच फाटून गेले होते, आणि स्वतःची काच खाली करून कोपर बाहेर काढायची त्याला सवय. मागच्या काचा मात्र तो बटन दाबून बंद ठेवायचा. का, तर ताईच्या अंगावर धूळ येते!

ताईला खोकला लागला तो याच दिवसांत. आधी नुसते खाकरणे. मग संस्थेच्या फाटकापाशी उतरताना ती घशावर हात ठेवू लागली. मग आवाज बसू लागला. घशाच्या डॉक्टरांना काही सापडले नाही. वयाप्रमाणे होते, असे ते म्हणाले. ताईने ते खरे मानले. ती एक जाड इतिहासाचे पुस्तक वाचत होती, परीक्षा तोंडावर आली होती, आणि अर्धे पुस्तक व्हायचे होते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने हळूच सुचवले, "ताई, थोडी विश्रांती घ्या. बाकीचं दुसरं कोणी वाचेल." त्या दिवशी ती माझ्या मागच्या सीटवर बसून खिडकीकडे तोंड करून रडली. पुढे बसलेल्याला कळले नाही. मला कळले, आणि माझा नुसता संताप झाला.

मालकाला एवढेच कळले की ताईची तब्येत बरी नाही. त्यावर त्याला उपाय काय सुचावा? गाडी आणखी स्वच्छ करायची!

या वेळी तो मला गावाबाहेरच्या एका शेडमध्ये घेऊन गेला. ती चालवणारी बाई आडव्या बांध्याची, कमरेला रबरी एप्रन, बोलणे रोखठोक. तिने बॉनेटकडे ढुंकूनही पाहिले नाही. मागचे दार उघडले, वाकून वास घेतला आणि विचारले, "इथं कोण बसतं?"

"माझी बहीण. पण त्या प्लॅस्टिकला हात लावायचा नाही हं. बाकी सगळं चकाचक करा."

"मग मला हे काम नको."

"म्हणजे?"

"प्लॅस्टिक ठेवायचं तर दुसरीकडे न्या. वरून पुसून द्यायला मी काय फळा पुसते?"

मालकाचे नाक लाल झाले. "काय उर्मट बाई आहे!" असे म्हणत त्याने मला गर्रकन वळवले. मी मनातल्या मनात ब्रेक दाबत होते, पण माझे ब्रेक माझ्या पायात थोडेच असतात?

मग त्याने निवडला एक भपकेबाज स्टुडिओ. काचेची भिंत, पाहुण्यांना सोफा, पडद्यावर चमचमणाऱ्या गाड्या. तिथे त्याला कोणी 'नाही' म्हणाले नाही. तो जे म्हणेल त्याला "होऊन जाईल सर" हेच उत्तर. मी तिथे कित्येक दिवस पडून होते. माझ्या रंगावर लेप चढवला, चाकांना काळे तेल फासले, आतल्या गालिच्याला शाम्पू केला आणि तो ओला असतानाच दारे लावून घेतली. आणि कळस म्हणजे त्यांनी प्लॅस्टिकलासुद्धा पॉलिश केले! सांगितले होते ना, प्लॅस्टिक जपा म्हणून.

मी तिकडे असताना ताई बसने गेली. त्या दिवसांत तिचा आवाज मोकळा झाला. एक मोठा धडा तिने न अडखळता वाचला. तो आनंद ती घरी येऊन सांगत होती, तोच मी चमचमत दारात हजर. दुसऱ्या दिवशी ताई माझ्यात बसली. पॉलिशमुळे ती प्रत्येक ब्रेकला सीटवरून घसरत पुढे यायची आणि पुन्हा मागे सरकायची. संस्था येईपर्यंत तिचा घसा पार बसला.

ताई काही भोळी नव्हती. तिने दोन आणि दोन चार केले. पण भावाला कसे सांगणार? संध्याकाळी ती एवढेच म्हणाली, "छोट्या, उद्यापासून मी बसनंच जाईन."

"का? माझ्या गाडीत काय कमी आहे?"

"कमी काही नाही रे. मला बस बरी पडते."

"एवढं सगळं तुझ्यासाठी केलं आणि तुला बस बरी पडते!"

तो फणकाऱ्याने निघून गेला. दोघे बोलेनासे झाले. मी पार्किंगमध्ये उभी राहिले, बाहेरून आरसा आणि आतून डबके.

अखेर वहिनी, म्हणजे मालकाची बायको, वैतागली. तिच्याकडे लायसन्स होते, पण ओरखडा येईल म्हणून माझी किल्ली तिच्या हाती कधी लागली नव्हती. एका सकाळी तिने ती त्याच्या हातातून काढूनच घेतली.

"आज मी चालवणार. तुम्ही ताईंच्या जागेवर बसा."

"मी? मागे?"

"मानाची जागा आहे ना? बसा."

तो रुसून मागे बसला. मित्रांनो, इतक्या वर्षांत हा माणूस प्रथमच माझ्या मागच्या सीटवर बसत होता! मोठा रस्ता लागेपर्यंत त्याने ऐट सांभाळली. मग तो खाकरला. मग खोकला. मग पहिल्या ब्रेकला घसरून त्याचे गुडघे पुढच्या सीटवर आदळले.

"अगं, काच उघड!"

"नको. धूळ येते."

"अगं, गुदमरतंय मला!"

वहिनीने काच उघडली नाही. तिने मला बाजूला घेऊन थांबवले आणि मागे वळून पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते. "तुम्हाला एवढ्यात गुदमरलं. ताई रोज बसत होत्या."

मालकाने प्लॅस्टिकची कडा धरली आणि ओढली. ते टरटर फाटत गेले. खाली माझे कापड होते. कुठे अगदी कारखान्यातल्यासारखे कोरे, आणि ताई बसायची तिथे काळ्या बुरशीचा मोठा पट्टा. तो त्या पट्ट्याकडे बघत राहिला. खिशातले मऊ फडके त्याने बाहेर काढले, हातात धरले आणि तसेच परत ठेवले.

त्याने मला थेट त्या उर्मट बाईकडे नेले. आतापर्यंत त्याला नाही म्हणणारी तीच एक होती. तिने "सांगितलं होतं ना" असे म्हटले नाही. माझ्या सीटा उचकटून बाहेर काढल्या, गालिचा सोडवला, खालचा सडलेला फोम फेकून दिला, रबरे बदलली आणि माझी चारही दारे सताड उघडून मला उन्हात ठेवले. माझ्या आयुष्यातली ती पहिली खरी स्वच्छता. त्यात फवारा नव्हता की फेस नव्हता. नुसते ऊन आणि वारा. काळा पट्टा मात्र पुरता गेला नाही. "हा राहणार," असे तिने स्पष्ट सांगितले आणि मालकाने मान हलवली.

तोपर्यंत ताईचे पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे गेले होते. परीक्षा थांबणार नव्हती.

मालक ताईच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. "ताई, माझं चुकलं" एवढे तीन शब्द बोलायला त्याला जड गेले, पण बोलला. ताईने त्याच्या टकलावरून हात फिरवला. मग त्याने विचारले, "तू वाचलेलं मला ऐकायला मिळेल का गं? मी कधी ऐकलंच नाही." तिने त्या इतिहासाच्या पुस्तकाचा पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला.

तो त्याने माझ्यातच लावला, दुकानाच्या वाटेवर. पहिला धडा सुरू झाला आणि मी अंगभर शहारले. काय तो आवाज! रोज वाटेवर पुढचे धडे लागत गेले आणि तो आवाज उतरत गेला. एके ठिकाणी ताई थोडी खाकरली. मालकाने रस्त्यावरची नजर हलवली नाही, पण ती पहिल्या धुलाईनंतरची वेळ होती हे मला कळले, आणि त्यालाही कळले असावे. पुढे खोकला आला. पुढे शब्द घासू लागले. एका वाक्याच्या मध्येच ताई थांबली आणि म्हणाली, "माफ करा, पुन्हा वाचते." ते कापायचे राहून गेले होते. मग तो एक धडा अगदी निर्मळ लागला, बसच्या दिवसांतला. त्याच्या पुढचा धडा बसक्या आवाजात अर्ध्यावर तुटला, आणि एक अनोळखी आवाज इतिहास सांगू लागला.

मालकाने मला कडेला घेतले आणि स्टिअरिंगवर डोके टेकले. ती अंध मुले ते पुस्तक ऐकतील तेव्हा विचारतील, पहिल्या बाई कुठे गेल्या? त्यांना काय सांगायचे?

मित्रांनो, ताई पुन्हा वाचू लागली आहे. आवाज पूर्वीइतका नाही, पण आहे. पुढचे पुस्तक ती शेवटपर्यंत वाचणार म्हणते. तुमच्याकडे गाडी असेल तर तिला जरूर स्वच्छ करा, पण ते काम कोणाकडे द्यायचे हे बॉनेटमध्ये तोंड पाहून ठरवू नका. आत कोण बसते, असे जो आधी विचारील आणि तुमच्या तोंडावर तुम्हाला नाही म्हणू शकेल, त्याच्याकडे किल्ली द्या. त्याआधी एकदा स्वतः मागच्या सीटवर बसून पाहा. आता रोज सकाळी मालक मागे वळून विचारतो, "ताई, काच किती उघडू?" साधा प्रश्न आहे हो, लहान मुलालाही सुचावा असा. आमच्याकडे तो विचारला गेला, पण अर्ध्या पुस्तकाने उशिरा.