अशी तहान नसते

सासरी मला भांडखोर म्हणतात. खुशाल म्हणोत. त्या शनिवारी मी भांडले आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा भांडेन.

माझी लेक तनया अडीच वर्षांची. आम्ही चेन्नईत वेलाचेरीला राहतो. मी, नवरा मकरंद, तनू आणि माझे सासरे, म्हणजे अप्पा. अप्पांनी बँकेच्या नोकरीत उभी हयात इथे काढली, त्यामुळे या शहराबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच. मे महिन्यात तनू पाण्यावर तुटून पडायला लागली तेव्हा ते म्हणाले, "कत्तिरीचं ऊन आहे हे, ऋचा, वर्षातलं सगळ्यात कडक. यात मोठी माणसं सुकतात, ती तर एवढीशी पोर. तहान लागणारच."

ऊन आम्हालाही होतं. पण आम्ही काही झोपेतून उठून पाण्यासाठी रडत नव्हतो. तनूचा पेला संपला की बाटली, बाटली संपली की माझी बाटली. आणि शू तर विचारूच नका. जानेवारीत, पोंगलच्या सुमारास सुटलेला डायपर पुन्हा लावावा लागला. अप्पांनी उष्णतेवर त्यांचे उपाय सुरू केले. पुण्याहून मागवलेला गुलकंद सकाळ-संध्याकाळ, मधे शहाळं, दुपारी सब्जाचं सरबत. नातीवर जीव होता त्यांचा, ते मी कधीच नाकारणार नाही. पण हे सगळं पोटात जाऊनही तिची तहान काडीइतकी कमी होईना, उलट वाढतच चालली.

पाळणाघरातल्या श्रीरंजनी मॅडमनी आणखी वेगळा शोध लावला. म्हणे, मूल लक्ष वेधून घेण्यासाठी असं करतं, पाणी कमी द्या म्हणजे कपडे ओले होणार नाहीत. आणि त्यांनी तनूची बाटली उंच फळीवर ठेवून दिली होती. शुक्रवारी मी न्यायला गेले तेव्हा ती त्या फळीखाली मान वर करून बसली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बाटली खाली काढली, तिच्या तोंडाला लावली आणि मॅडमना म्हटलं, "कपडे मी धुते, तुम्ही नाही. तहानलेल्या पोराचं पाणी तोडायला तुम्हाला कुणी सांगितलं?" घरी आल्यावर मकरंद म्हणाला, उगाच वाकडं घेतलंस, आता दुसरं पाळणाघर कुठून आणायचं. मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी हिला डॉक्टरकडे नेऊ. तर म्हणे सोमवारी. शनिवारी त्याच्या बहिणीचं, संयुक्ताचं, टी. नगरच्या हॉलमध्ये डोहाळजेवण होतं ना.

मी ऐकलं. दोनच दिवसांचा प्रश्न आहे म्हणून गप्प बसले.

शनिवारी सकाळी तनूने एकदा उलटी केली. "काल सरबत जास्त झालं," अप्पा म्हणाले. मी तिला आंघोळीला बसवलं आणि टॉवेल आणायला वळले. परत येऊन बघते तर पोरगी बादलीतलं पाणी मगाने घटाघटा पीत होती. आमच्याकडे नळाला बोअरचं पाणी येतं. इतकं खारट की त्यात साबणाला फेस येत नाही. प्यायचं पाणी आम्ही कॅनने विकत आणतो. तोंड धुताना चुकून घोट गेला तर मोठं माणूससुद्धा थुंकून टाकतं. आणि माझी लेक ते डोळे मिटून, दोन्ही हातांनी मग धरून पीत होती. मी मग ओढला तर तिने माझ्या हाताला चावा घेतला.

मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. फासळ्या दिसत होत्या. ओठ फुटले होते. काही न करता, नुसती बसल्या बसल्या ती धापा टाकत होती. तोंडाला कसलासा वास येत होता, पिकून गेलेल्या फळासारखा. मी गाड्यांच्या कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या करते. तिथे गाडीत धोक्याचा दिवा लागला तर आम्ही गाडी थांबवतो, हवामानाला दोष देत नाही.

बाहेरच्या खोलीत अप्पा झब्बा घालून तयार होते, मकरंद गाडीची किल्ली शोधत होता. मी तनूला टॉवेलात गुंडाळून बाहेर आले आणि म्हटलं, "मी डोहाळजेवणाला येत नाहीये. अप्पा, तुमचं साखर तपासायचं यंत्र कुठे आहे?"

"कशाला?"

"हिची साखर बघायचीय."

अप्पा हसले. "अगं, मला साठीनंतर झाला मधुमेह. दुधाचे दात आहेत तिचे अजून. तिला कुठून होणार?"

"नसला तर उत्तमच. मी हात जोडून सगळ्यांची माफी मागेन."

"त्या कोवळ्या बोटाला सुई टोचणार तू?" अप्पांचा आवाज चढला. "मकरंद, सांग हिला काही. चारचौघांत माझ्या लेकीचा समारंभ, आणि ही घरात तमाशा मांडून बसलीय."

मकरंद म्हणाला, "ऋचा, सोमवारी नेऊ म्हटलं ना. उगाच बाऊ करू नकोस."

"करणार," मी म्हटलं. "हवा तेवढा बाऊ करणार. माझी पोरगी आंघोळीचं पाणी पितेय."

जेवणाच्या टेबलावर अप्पांच्या औषधांच्या डब्याशेजारी यंत्र होतं. नवी सुई लावली, तनूचं बोट धरलं आणि टोचलं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती कण्हली. आकडा आला चारशे सत्याहत्तर.

अप्पा चष्मा लावून जवळ आले. "बोटाला गुलकंद लागला असेल. मगाशीच भरवलाय मी."

मला संताप आला, पण म्हणणं चुकीचं नव्हतं. मी तिचे हात साबणाने धुतले, कोरडे केले, दुसऱ्या हाताचं बोट घेतलं. चारशे अडुसष्ट. अप्पांनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा नातीकडे, आणि ते खुर्चीत बसले. मकरंदला किल्ली सापडली होती. आम्ही टी. नगरला न जाता थेट एग्मोरला गेलो, मुलांच्या हॉस्पिटलात.

तिथल्या डॉक्टर अलमेलूंनी आकडा ऐकला, तनूचा श्वास बघितला आणि पुढचे प्रश्न चालता चालताच विचारले. तहान फार वाढलीय का, डायपर सुटून पुन्हा लागला का, वजन उतरलं का, उलटी झाली का. सगळ्याचं उत्तर 'हो' होतं. "टाइप वन मधुमेह," त्या म्हणाल्या. "तुमच्या खाऊ घालण्याने झालेला नाही. तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाहीये. रक्तात आम्ल साठायला लागलंय. सोमवारपर्यंत थांबला असतात तर बेशुद्ध आणावी लागली असती."

मी मकरंदकडे बघितलंही नाही, खरं सांगते.

सलाइन लागलं, इन्सुलिन लागलं, आणि मग नर्सने सांगितलं की आत्ता तोंडाने काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही, जे जायचं ते शिरेतूनच. तनू माझ्या गळ्यात हात टाकून म्हणत राहिली, "आई, पानी. आई, थोलं." तिच्या पाण्यासाठी मी जगाशी भांडले होते आणि आता मीच तिला नाही म्हणत होते. तिला थोपटत मी पोटभर रडले. पण घोट दिला नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. बाकावर माझ्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "ऋचा, जे झालं ते झालं. पण बाहेर कुठे बोलू नकोस. मुलीची जात आहे. रोजची इंजेक्शनं म्हटल्यावर उद्या लग्नाच्या वेळी लोक..."

"अप्पा, तुमचं इन्सुलिन फ्रिजच्या दारात असतं," मी म्हटलं. "पाहुण्यांसमोर तुम्ही बिनधास्त टोचून घेता. तिचंही तिथेच राहील. आणि सगळ्यांना सांगणार मी. संयुक्ताला तर आधी सांगणार, तिचं बाळ येतंय. पाणी जास्त पितं म्हणून कुणी ऊन-ऊन करत बसलं तर त्याला माझ्याकडे पाठव, असंही सांगणार."

तेवढ्यात नर्सने येऊन सांगितलं, आता पाणी द्यायला हरकत नाही. अप्पा लगबगीने उठले. पेला भरून त्यांनी स्वतः तनूच्या ओठांना लावला. तिने दोन घोट घेतले, तिसरा अर्धा घेतला आणि पेला हाताने बाजूला सारला.

"नको," ती म्हणाली.

सवयीने अप्पा म्हणाले, "घे गं बाळा, अजून थोडं."

"ती नको म्हणतेय, अप्पा," मी म्हटलं. "ऐका तिचं."

त्यांनी पेला खाली ठेवला. जवळजवळ भरलेलाच होता तो. त्याच्याकडे बघता बघता त्यांचे डोळे भरून आले, आणि मीही त्यांना रडू दिलं.