खिडकीपाशी पाच कप

काटाताईंनी चमचा पाचव्या कपात बुडवला, जोरात भुरका मारला, घोट जिभेवर घोळवून पिकदाणीत टाकला आणि कागदावर लिहिलं, 'आंबट, पांचट. पाणी थंड.' गुणांच्या रकान्यात त्यांनी सहा मांडले. पाठीमागे मोठ्या टेबलाभोवती चौघांचे भुरके चालू होते. ते याच लॉटला आठ देणार हे त्यांना न वळता कळत होतं.

कॉफी चाखायची ही खोली. गोदामात आलेल्या प्रत्येक लॉटचे दाणे इथे भाजून, दळून कपात घेतात, वरून उकळतं पाणी ओततात, चार मिनिटांनी वर आलेली भुकटीची साय चमच्याने मोडतात. मग सगळे चाखणारे एकामागून एक त्याच कपांत चमचे घालत टेबलाभोवती फिरतात. दोन कपांच्या मधे चमचा गरम पाण्यात विसळला की झालं. बावीस वर्षं पहिला चमचा ताईंचा पडायचा. वजनाच्या काट्यासारखी जीभ म्हणून काटा, आणि सगळ्यांत जुन्या म्हणून ताई. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. तीन मोठे खरेदीदार तर गुणपत्रकाखाली त्यांची सही बघितल्याशिवाय पोत्याला हात लावत नसत.

अकरा दिवसांपूर्वी त्यांचं टेबल वेगळं झालं. सकाळी आल्या तर खिडकीपाशी एक छोटं टेबल मांडून ठेवलेलं. त्यावर पाच कप, एक चमचा, एक पिकदाणी. सांगायची हिंमत कुणाला झाली नाही. चौघेही त्या दिवशी एकदम कामात गढून गेले होते.

हे सगळं ओढवलं ते त्यांच्याच खरेपणामुळे. पहिल्या बाळंतपणात चढवलेल्या रक्तातून काविळीचा एक विषाणू अंगात शिरला होता आणि पंचवीस वर्षं मुक्काम ठोकून होता. तो रक्तातून पसरतो, चमच्यातून नाही, त्यामुळे कामावर कुणाला सांगायचा प्रश्नच आला नव्हता. पण इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यास हाती घेतला. असे जुनाट विषाणू अंगात असलेल्यांपैकी जे कॉफी पितात, त्यांचं डोकं जास्त नीट चालतं का, हे त्यांना बघायचं होतं. ताईंनी हौसेने नाव दिलं. पंधरा शब्द ऐकून परत सांगायचे, आकडे उलटे म्हणायचे, बारीक खुंट्या भराभर भोकांत बसवायच्या. हे सगळं त्यांनी हसतखेळत केलं. गाडी अडली ती शेवटच्या प्रश्नावर. रोज किती कप कॉफी? ताईंनी लिहिलं, साठ.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"साठ कप पिता?"

"पिते कुठे? चाखते आणि थुंकते."

"मग पोटात किती जातात?"

ताईंनी आठवून बघितलं. दिवसभर चाखल्यावर घरी कॉफीचं नावसुद्धा नको वाटायचं. त्यांनी साठ खोडून शून्य लिहिलं. असा माणूस आपल्या यादीत दुसरा नाही म्हणून डॉक्टरीणबाई खूश झाल्या, आणि रोज किती कप चाखता एवढं कामावरून लिहून आणा म्हणाल्या. उत्तरांचा कागद त्यांनी तोवर ताईंकडेच ठेवायला दिला, आणि मालकांसाठी एक छापील पत्रक. त्यावर अभ्यासाचं अख्खं नाव होतं, विषाणूसकट. ताईंनी ते सरळ मालकांच्या पुढ्यात ठेवलं. आपल्याच हातांनी पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी कळलं.

आज मालकांनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर अकरा दिवसांची गुणपत्रकं आणि तेच छापील पत्रक होतं. मालकांच्या आवाजात साखर होती. ताईंनी बसायला नको म्हटलं. मग मालकांनी गुणपत्रकं पसरून दाखवली. अकरा दिवसांत एकदाही ताईंचे गुण बाकीच्यांशी जुळले नव्हते, कधी एकाने कमी तर कधी दोनाने. वाईट वाटून घेऊ नका, म्हणाले, पण या पत्रकातच लिहिलं आहे की काही जणांत हा आजार लक्षावर आणि स्मरणशक्तीवर परिणाम करतो. तुमचा काय दोष? उद्यापासून बांधणीत बसा, पोत्यांना चिठ्ठ्या लावायचं हलकं काम आहे.

"आणि सही तेवढी तुमचीच राहू द्या," ते म्हणाले. "चाखतील बाकीचे. खरेदीदारांना सवय आहे तुमच्या सहीची."

ताईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. डोकं गेलं म्हणायचं आणि त्याच डोक्याची सही मात्र हवी! चोराने चोरी करावी आणि वर पावती मागावी, तसलाच हा प्रकार. त्यांनी आवाज चढवला नाही, कारण त्याचाही उद्या आजार झाला असता.

"पहिल्या दिवसाचं पत्रक घ्या हातात," त्या म्हणाल्या. "पहिल्या लॉटला सात, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला सात, चौथ्याला पाच, पाचव्याला सहा. बरोबर?"

मालकांनी पाहिलं. बरोबर होतं. ताईंनी दुसऱ्या दिवसाचे म्हटले, तिसऱ्याचे म्हटले. मालकांचं बोट रकान्यावरून सरकत राहिलं. सातव्या दिवसाला ते थांबले.

"आता गुणांच्या शेजारी काय लिहिलंय ते वाचा."

मालकांनी वाचलं नाही, नुसते कागद उलटले. अकराही कागदांवर तेच दोन शब्द होते, 'पाणी थंड'. आकड्यांच्या पलीकडे त्यांनी आजवर बघितलंच नव्हतं.

पाणी मामा ओतायचे, म्हणून मामांना बोलावलं. मोठ्या टेबलावरचे चौथे चाखणारे ते, ताईंच्या खालोखाल जुने. रोजची पत्रकं गोळा करायचं कामही त्यांचंच. ते दारातच उभे राहिले.

"किटली एकच आहे," मामा जमिनीकडे बघत म्हणाले. "आधी मोठ्या टेबलाचे पंचवीस कप, मग खिडकी. तिथवर जाईस्तोवर पाणी निवतं. निवलेल्या पाण्यात कॉफी उतरत नाही."

"तुम्ही रोज वाचत होतात हे?" ताईंनी विचारलं.

"वाचत होतो."

"मग?"

"मला कुणी विचारलं नाही, ताई."

अकरा दिवस रोज त्यांच्या हातून कागद घेणारा हा माणूस. बावीस वर्षं एका कपात दोघांचे चमचे पडले होते. मालकांपेक्षा मामांचाच राग त्यांना जास्त आला, आणि तो गिळता गिळता त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मालक मात्र एकदम मोकळे झाले होते. एवढंच होय, म्हणाले, उद्या बंदोबस्त करतो.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी नवी कोरी किटली होती. मुठीला लाल पट्टी गुंडाळलेली, म्हणजे चुकून कुणी मोठ्या टेबलावर नेऊ नये.

ताईंनी ती बराच वेळ बघितली. मग पाणी उकळलं, पाचही कपांत ओतलं, चार मिनिटं थांबल्या, साय मोडली. फाटकात मालट्रक उभा होता, पोती चढवून तयार, फक्त गुणपत्रक यायचं होतं. मोठ्या टेबलावरचे भुरके संपले. मालक कागद घेऊन आले.

"पाणी गरम आहे ना आज? घाला गुण आणि करा सही."

ताईंनी चमचा उचलला नाही. खुर्ची ओढून बसल्या, पहिला कप दोन्ही हातांत धरला आणि घोट घेतला. पिकदाणी तशीच कोरडी राहिली. दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला.

"ताई, ट्रक खोळंबलाय."

"माझा चमचा जिथे पडायचा तिथे पडला की गुण मिळतील. सहीसुद्धा."

"आणि तोवर?"

"तोवर पिते. डोक्याला बरी असते म्हणतात."

मालकांनी मामांकडे पाहिलं. मामांनी मोठ्या टेबलाकडे पाहिलं, तिथल्या पहिल्या जागेकडे, आणि मान खाली घातली. बाहेर ट्रकवाल्याने एकदा हॉर्न वाजवला.

ताईंनी कप तळापर्यंत रिकामा केला. पिशवीतून इस्पितळाचा कागद काढला, शून्य खोडलं, शेजारी एक लिहिलं आणि दुसरा कप पुढे ओढला.